पेशंटसोबत आलेल्यांनी बोलू नये

आमचे सर कुत्र्याला अहो म्हणायचे आणि कुत्र्याच्या मालकाला अरे. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात मी नोकरीला लागले, त्या पहिल्याच सकाळी एक दांडगा रॉटवायलर आला. सर त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "या, बसा. कालपासून आपल्याला जेवण गेलेलं दिसत नाही. जरा कान बघू का?" मग मान न वळवता मागं उभ्या असलेल्या गृहस्थांना म्हणाले, "तू भिताडाला टेकून हुबा ऱ्हा. मदी मदी करू नगंस." ते गृहस्थ एका बँकेत मॅनेजर होते. ते निमूटपणे भिंतीला टेकून उभे राहिले.

दुपारी डबा खाताना मी कारण विचारलं. "जो चावू शकतोय त्याला अहो म्हणावं," सर म्हणाले. "बाकीच्यास्नी काय बी म्हटलं तरी चालतंय." सरांचं लहानपण सांगोल्याकडच्या माळावर, घरच्या मेंढरांमागं गेलेलं. माणसांशी ते तिकडचंच बोलायचे आणि जनावरांशी मात्र अगदी शुद्ध. जनावर कितीही ओळखीचं झालं तरी त्याला परकं मानावं, म्हणजे बोटं शाबूत राहतात, असं त्यांचं मत. मला ते तू म्हणायचे. मुलाखतीत त्यांनी माझ्या पदवीचा कागद बघितलाच नव्हता, एक बोकड धरायला सांगितला होता. मी चावणाऱ्यांतली नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या समोर एक पाटी होती. 'पेशंटसोबत आलेल्यांनी बोलू नये.' खाली बारीक अक्षरांत, 'तक्रार चिठ्ठीवर लिहून द्यावी. चार ओळी पुरे.' मी पहिले काही दिवस ती पाटी बघून मनातल्या मनात चडफडायची. कॉलेजात आमच्याकडून पाच वर्षं घोकून घेतलं होतं, की जनावर बोलत नाही, म्हणून मालकाला बोलतं करा, निम्मं निदान त्याच्या तोंडात असतं. इथं त्या तोंडालाच कुलूप. एकदा मी हे सरांना सुनावलं. ते म्हणाले, "काय झालं ते मालक कदी सांगतोय का? त्याला काय वाटलं ते सांगतोय. आनि वाटायला त्याचं काय जातंय?"

गंमत म्हणजे लोकांना ही पाटी भारी आवडायची. एरवी कुणी आपल्याला गप्प बसा म्हटलं तर भांडणारी माणसं इथं देवळात आल्यासारखी उभी राहायची. एक निवृत्त प्राध्यापक होते. ते आपल्या पामेरियनच्या खोकल्यावर चार पानं लिहून आणायचे, समास सोडून, मुद्द्यांना क्रमांक देऊन. सर त्यातली पहिली ओळ वाचायचे. उरलेलं आमचा कंपाउंडर दुपारी वाचायचा, आणि प्राध्यापकांच्या घरातलं बरंच काही त्याला त्यातून कळायचं. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची चिठ्ठीही तोच लिहायचा. हा कंपाउंडर पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारा, बाहेर सोलापुरी. पन्नाशीचा होता आणि त्याला सगळं माहीत असायचं.

सरांची तपासायची रीतही वेगळीच होती. ते डोळे मिटायचे, एक तळवा जनावराच्या बरगड्यांवर ठेवायचे आणि कधी कधी तर कपाळच टेकवायचे. मिनिट मिनिट तसेच. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. पेठेत बोलवा होती की डॉक्टर काही विचारत नाहीत, हात ठेवला की त्यांना आतलं दिसतं. कुणी म्हणायचं सिद्धी आहे, कुणी म्हणायचं धनगरी विद्या. सर दोन्हींना नाही म्हणत नसत.

आणि खरं सांगायचं तर हात होताच त्यांना. चादरीच्या एका व्यापाऱ्यांनी आपलं पांढरंशुभ्र पर्शियन मांजर आणलं होतं. चार दिवस उलट्या. दोन ठिकाणी दाखवून झालेलं, रक्त तपासून झालेलं, परदेशी खाणं बदलून झालेलं. सरांनी मांजराला "माफ करा हं" म्हणून तोंड उघडलं, अंगठ्यानं जीभ वर उचलली आणि मला खुणेनं बोलावलं. जिभेच्या मुळाशी दोऱ्याचा एक फेरा बसला होता. पुढचा हातभर दोरा पोटात गेलेला. "हितल्या मांजरांला उंदीर मिळो न मिळो, सूत मिळतंयच," सर म्हणाले. ऑपरेशन झालं, मांजर वाचलं आणि व्यापाऱ्यांनी ती गोष्ट सगळ्या पेठेत अशी सांगितली की तिसऱ्या दिवशी त्या मांजराच्या पोटात अख्खी चादर होती.

मी भारावले होते. सरांसारखी डोळे मिटून उभी राहायला लागले होते. मालकांना गप्प करायला तर मला फार लवकर जमायला लागलं. ओठांवर बोट ठेवून, भुवया वर करून मी असं काही बघायची की समोरचा वाक्य अर्ध्यात गिळायचा. सरांपेक्षा माझाच धाक जास्त, असं कंपाउंडर म्हणायचा, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी एकदा सरांचा स्टेथोस्कोप पुसताना माझ्या लक्षात आलं, की त्याची नळी खालच्या बाजूला चिरली आहे. चांगली बोटभर. त्यातून बैलाच्या हृदयाचे ठोकेसुद्धा ऐकू आले नसते. मी विचार केला, आजच फाटली असेल. बदलायची म्हणून बाजूला ठेवली आणि विसरले. सर पुढचे पंधरा दिवस तीच नळी कानाला लावून, डोळे मिटून, मान हलवत पेशंट तपासत होते.

मी कंपाउंडरजवळ जाऊन हळूच नळीचं सांगितलं. तो बाटल्या लावत होता. त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. "तुमाला आज कळालं व्हय, म्याडम? मला चार वर्सं झाली की."

मग सगळंच उलगडलं. सर फोन कधीच घ्यायचे नाहीत, "फोनवर जनावर दिसतंय का?" म्हणायचे. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं रोखून बघायचे. पाटी, चिठ्ठी, टेकवलेलं कपाळ, सगळं त्यातलंच. माणसाला ऐकू येत नाही एवढी साधी गोष्ट, आणि पेठेनं त्याची सिद्धी करून ठेवली होती.

मी सरांना काही बोलले नाही. फक्त नवी नळी आणली आणि तेव्हापासून पेशंटच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून मीही ऐकायला लागले. ठोके अनियमित असले तर टेबलावर एक बोट टेकवायची. फुप्फुसात किंवा घशात खरखर असली तर दोन. सर बोटं बघायचे आणि गंभीरपणे औषध सांगायचे. याबद्दल आम्ही एकमेकांशी कधीही एक शब्द बोललो नाही. मी त्यांचा कान झाले आणि मला त्याचा गर्व वाटायचा, हे आज लपवण्यात अर्थ नाही.

चिंचोळी एमआयडीसीच्या मागं एक वस्ती आहे. तिथून एका पोराचा फोन आला. हा कंपनीत कामाला. घरी म्हातारी आई, बायको आणि एक पंढरपुरी म्हैस. म्हैस दोन दिवस खात नाही, तोंडातून लाळ गळतेय, घशात काहीतरी अडकलंय, असं तो म्हणाला. आम्ही सरांच्या गाडीतून गेलो. म्हैस देखणी होती, शिंगं पार खांद्यांच्या मागं गेलेली. लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या. आणि ती ओरडत होती. थांबून थांबून, घोगरं, चिरल्यासारखं. तो आवाज मला ऐकू आला. माझ्या मनानं घेतलं की घसा दुखतोय, आणि मी टेबल नव्हतं म्हणून गोठ्याच्या मेढीवर दोन बोटं टेकवली.

म्हातारी म्हशीच्या मानेजवळ उभी होती. तिला मी मावशी म्हटलं होतं. सरांनी बाही वर सारली, म्हशीला म्हणाले, "बाई, जरा तोंड उघडता का?" आणि दाढांमध्ये लाकडी ठोकळा बसवून हात कोपरापर्यंत आत घातला. तेवढ्यात मावशी म्हणाली, "बाय, म्हैन्यामागं हितं एक कुत्रं…"

मी ओठांवर बोट ठेवलं. भुवया वर केल्या. मावशीनं वाक्य गिळलं.

सरांच्या हाताला काही लागलं नाही. मग मीही हात घालून बघितलं, मलाही काही लागलं नाही. घसा ढिला पडल्यासारखा वाटत होता. सरांनी सुजेचं इंजेक्शन दिलं आणि मावशीला सांगितलं, "हिला गिळता येईना झालंय. गुळाचं पानी हातानं चाटवा. पेंडीचा गोळा करून गालात सारा. जरा जरा, दिवसातनं पाच-सा बार." मावशी मान डोलवत राहिली. तिच्या डाव्या हाताच्या बोटाला विळ्यानं कापलेलं होतं, त्यावर चिंधी गुंडाळली होती. ती चिंधी मी बघितली होती.

तिसऱ्या दिवशी पोराचा पुन्हा फोन. म्हैस दावं तोडायला बघतीय, भिंतीला धडका देतीय. आम्ही पोचलो तेव्हा ती मागच्या पायांत खचली होती आणि मान वर करून आवाज काढायला बघत होती, पण आवाज फुटत नव्हता. सर गोठ्याच्या दारातच थांबले. आत गेले नाहीत. तिथूनच त्यांनी म्हशीचे मागचे पाय आणि तोंड निरखलं, आणि मग जे केलं ते मी दोन वर्षांत कधी बघितलं नव्हतं. ते मालकाकडं वळले आणि त्यांनी प्रश्न विचारला.

"मावशी, हिला कुत्रं चावलं हुतं का?"

"व्हय की," मावशी म्हणाली. पदर तोंडाशी होता, तिचे ओठ दिसत नव्हते. "म्हैन्यामागं. पिसाळल्यालं हुतं म्हनत्यात. त्या दिशी तेच सांगत हुते की मी."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हनाली?"

"हो म्हणाल्या," मी म्हटलं. "महिन्यापूर्वी."

मी एवढंच म्हटलं. उरलेलं वाक्य मी सांगितलं नाही. दोन वर्षं मी त्यांचा कान होते, आणि ज्या दिवशी तो खरा लागणार होता त्या दिवशी मी त्यातलं माझ्या सोयीचं तेवढंच आत सोडलं.

जनावरांच्या डॉक्टरांकडून होणारी ही जुनीच चूक आहे. पिसाळलेल्या गाईम्हशीचा घसा लुळा पडतो, लाळ गळते, आवाज बदलतो, आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी अडकलंय. मग डॉक्टर मोठ्या मायेनं तोंडात हात घालतो. कॉलेजात हे आम्हाला शिकवलेलं होतं, परीक्षेत मी त्यावर चांगलं उत्तर लिहिलं होतं. आम्हा दोघांनी निदान आधी लस टोचून घेतलेली होती, धंदाच तसा. मावशीनं कुठली टोचून घेतलेली असणार? आणि आमच्याच सांगण्यावरून ती कापलेल्या बोटाचा हात दोन दिवस, दिवसातून सहा वेळा, त्या तोंडात घालत होती.

तिचा पोरगा पुढं आला. त्याचा चेहरा बघून सरांना ऐकायची गरज नव्हती, तरी त्याचं बोलणं त्यांनी ओठांवरून टिपलं. "आईनं त्या दिशीच सांगितलं हुतं म्हनती. मग तुमी ऐकलं का न्हाई?"

अंगणात शेजारची चारसहा माणसं जमली होती. आता मावशी माझ्याकडं बोट दाखवणार, असं मला वाटत होतं. मी तोंड उघडायच्या आत सर बोलले.

"मला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "सा-सात वर्सं झाली. दोन्ही कान गेलेत. तुज्या आईनं सांगितलं आसंल, मला ऐकू आलं न्हाई. चूक माजी हाय."

सगळं अंगण गप्प झालं. त्या गप्प बसण्यात मीही होते.

मग सरांनी मावशीला पाण्याच्या हौदाशी नेलं, तिच्या बोटाची चिंधी सोडली आणि घड्याळ समोर ठेवून पंधरा मिनिटं तिचे दोन्ही हात साबणानं धुतले. स्वतः. मावशी सारखी म्हणत होती, "राहू द्या की डाक्टर, मी काय ल्हान हाय का?" त्यांना ते ऐकू येत नव्हतं किंवा त्यांनी ऐकलं नाही. तिथून मावशी, पोरगा आणि सून, तिघांना गाडीत घालून आम्ही सोलापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं. मावशीला जखमेभोवती तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन दिलं, दंडात लस दिली. पुढच्या तारखा कागदावर लिहून मिळाल्या. शेवटची अठ्ठाविसाव्या दिवसाची. म्हैस त्याच संध्याकाळी गेली. तिचा नमुना सरकारी खात्यामार्फत तपासायला गेला आणि आम्हाला जे ठाऊक होतं तेच उत्तर आलं.

बातमी आमच्याआधी पेठेत पोचली. डॉक्टर बहिरे आहेत. सिद्धी एका दिवसात संपली. ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी सरांना आतलं बघताना पाहिलं होतं, त्यांनाच आता आठवायला लागलं की आपल्याला सुरुवातीपासून शंका होती. चादरीचे व्यापारी मांजर घेऊन एका एसी दवाखान्यात जायला लागले. तिथं म्हणे मांजरासाठी गाणी लावतात. प्राध्यापक मात्र येत राहिले. त्यांना एवढं वाचून घेणारं दुसरं कुणी मिळालं नसावं.

सरांनी पाटी स्वतः उतरवली आणि त्यांच्या पुण्यातल्या लेकीनं कधीपासून मागं लागून आणवलेलं, कपाटात पडलेलं कानाचं मशीन काढलं. ते मशीन पहिले काही दिवस शिट्ट्या मारायचं आणि कुत्री त्याच्याकडं माना वाकड्या करून बघायची. सर त्यांची माफी मागायचे. आता मालक बोलायला लागले. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बोलायला लागले. एक बाई आपल्या पोपटाची तक्रार सांगता सांगता नणंदेपर्यंत पोचल्या. सर अर्धा तास ऐकत होते. त्या गेल्यावर मला म्हणाले, "म्हातारपनी मानसाचे कान जात्यात त्ये देवानं चांगल्यासाटीच केल्यालं आसतंय."

पण मावशीच्या प्रत्येक तारखेला ते स्वतः गाडी घेऊन तिला न्यायला वस्तीवर जायचे, आणि मी त्यांच्यासोबत. तिला ताप आला का, बोटाला मुंग्या येतात का, पाणी गिळताना काही होतं का, असं सगळं ते खोदून खोदून विचारायचे. मावशीला त्याचं हसू यायचं. एकदा ती म्हणाली, "जलमात कुनी येवडं इच्यारलं न्हाई मला." मी रात्री अंथरुणावर पडले की तिच्या पाणी पिण्याचाच विचार करायची. ती मरणार नाही, हे पुस्तकानुसार मला माहीत होतं. पुस्तकात आवाजाबद्दलही लिहिलेलं होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटचं इंजेक्शन झालं. पोरगा कंपनीत होता, म्हणून आम्ही दोघंच तिला सरकारी दवाखान्यात घेऊन आलो होतो. दुपार होती. मावशी बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर टेकली, दंडावरचा कापूस धरून बसली. सर तिच्या पलीकडं बसले होते. मशीन त्यांच्या कानात होतं. सकाळी गाडीत त्यांनी ते नीट बसवून घेतलं होतं आणि रस्ताभर मागच्या ट्रकांना शिव्या दिल्या होत्या.

मावशीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. रागानं नाही. एखादी राहून गेलेली वस्तू परत करावी तशी ती म्हणाली, "पोरी, त्या दिशी मला गप तू केलंतीस. डाक्टरनं न्हाई. मला ठावं हाय. त्यांनी आपल्या अंगावर घेतलं म्हनून मी बोलली न्हाई."

मी मान वर केली. सर माझ्याकडं बघत होते.

"काय म्हनाली?" त्यांनी विचारलं.

या वेळी मी सगळं सांगितलं. कुत्र्याचं नाव निघताच मी ओठांवर बोट ठेवलं होतं, म्हशीचा आवाज मला ऐकू आला होता, चिंधीही मी बघितली होती, आणि अंगणात मी त्यांना अर्धंच वाक्य सांगितलं होतं. बोलता बोलता मला रडू फुटलं. माझ्या तोंडाकडं बघत सरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग ते उठले आणि त्यांनी गाडीची किल्ली काढली.

"हितं लई गलका हाय," ते म्हणाले. "मला काय बी ऐकू आलं न्हाई. मावशीला धर, पायरी हाय म्होरं."

बाकावर आम्ही तिघंच होतो. बाकी सगळा व्हरांडा रिकामा होता.